पलंगाखालची जाळी

अहो,

माणूस गेल्यावर त्याला पत्रं लिहीत बसणाऱ्यांतली मी नव्हे, हे तुम्हाला ठाऊक आहे. जे सांगायचं ते मी तुमच्या तोंडावर सांगितलं, आणि तुम्ही ते ऐकून पुन्हा पेपरात डोकं घातलंत. पण काल दुपारी बापट येऊन गेले आणि तेव्हापासून मी या दोन खोल्यांत नुसती फिरते आहे. काल संध्याकाळी कुकर चढवला आणि खाली गॅस पेटवायचा राहिला. टीव्ही लावला, बंद केला. आज सकाळी उठून थेट कोपरला जाऊन आले, ते का ते पुढे सांगते. तरी पाय थांबत नाहीत. कुणावर तरी ओरडायचं आहे, आणि माझं ओरडणं न चिडता ऐकून घेणारा माणूस एकच होता.

बापटांनी एक पत्रक आणलं. येत्या रविवारी तुमच्या मंडळाने तुमच्यासाठी सभा ठेवली आहे, शाळेच्या हॉलमध्ये. मी स्टेजवर बसायचं, शाल घ्यायची आणि दोन शब्द बोलायचे. पत्रक बघितलंत तर तुम्ही खूश व्हाल. अर्ध्या पानावर ती आहे, केसांत गजरा, मान वळवून हसते आहे. तुम्ही खाली कोपऱ्यात, पासपोर्टला लागतो तेवढे. श्रद्धांजली कुणाला आहे ते कळायला दोनदा वाचावं लागतं. मेल्यावरसुद्धा तुम्ही तिलाच जागा करून दिलीत का हो?

आणि तिच्या फोटोखाली छापलंय: ‘भाऊसाहेबांच्या अध्यक्षपदाच्या काळात तेलाने नुकसान झालेल्या कोळी बांधवांना बाईंच्या शुभहस्ते जाळीवाटप झाले.’

शुभहस्ते. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

“बापट,” मी म्हटलं, “या बाई खाडीवर कधी आल्या होत्या?”

“वहिनी, आता इतक्या वर्षांनी कुठे… सगळे तसंच म्हणतात. भाऊसाहेब स्वतः तसंच म्हणायचे.”

तेवढं मात्र खरं. तुम्ही स्वतः तसंच म्हणायचात, आणि माझं डोकं तिथेच फिरतं.

तिचं नाव मी कधी घेतलं नाही, इथेही लिहिणार नाही. लग्न होऊन आठवडा झाला नव्हता, तेव्हा तुमच्या कपाटात शर्टांच्या खाली मला तिच्या गाण्यांच्या चोपड्यांचा गठ्ठा सापडला. फोटो, सिनेमाच्या जाहिराती, कापून चिकटवलेली कात्रणं. मी सासूबाईंना दाखवलं. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “ती जुनी आहे, तू नवी. होईल सवय.” झाली का सवय? तुम्हीच सांगा.

माझं शिक्षण ठाण्याच्या कॉन्व्हेंटमधलं. आमच्या मदर म्हणायच्या, मूर्तीची पूजा मनात असावी, कपाटात नाही. तुमच्याकडे दोन्हीकडे होती. रेल्वेच्या कचेरीतला हेडक्लार्क, कुणाला चहा पाजला तरी कुठे बोलणार नाही असा माणूस, पण दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आपल्या बाहेरच्या खोलीत दहा-बारा प्रौढ पुरुष जमवून एका बाईच्या भुवयांवर तासभर चर्चा करायचात. एक होमिओपॅथीचे डॉक्टर होते, एक पोस्टातले, बापट बँकेतले. ती काम सोडून, लग्न करून केव्हाच घरी बसली होती. तुमचं मंडळ मात्र चालूच. मी कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून आठ तास लोकांचे ट्रंक कॉल जोडून घरी यायचे आणि तुमच्या मंडळाला पोहे करून घालायचे. बोलायचे, पण करायचे.

मग त्या उन्हाळ्यात खाडीत तेल आलं.

कुठल्या बोटीचं, कुठल्या टाकीचं, कुणी कबूल केलं नाही. पेपरात दोन दिवस बातमी आली आणि संपली. आपल्याला कळलं ते चांगुणामुळे. वर्षानुवर्षं आपल्या दारात टोपली उतरवणारी चांगुणा एक दिवस रिकाम्या हाताने आली आणि पायरीवर बसली.

“खारीन त्याल आयलंय, बाय,” ती म्हणाली. “मासली नाय. जालं धुतलं, धुतलं, ह्ये बघ हात. जालं काय सुधारलं नाय.”

तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. मी रॉकेल आणि साबण दिला. तुम्ही आतून बनियनवर बाहेर आलात, तिच्या हातांकडे बघत राहिलात आणि परत आत गेलात. मला वाटलं, गेला हा माणूस पेपर वाचायला.

पण त्या शनिवारी तुम्ही मंडळापुढे विषय काढलात. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या भुवया सोडून दुसरं काही. गच्चीवर पडदा बांधून तिचा सिनेमा दाखवायचा, तिकीट लावायचं, आलेला पैसा खाडीच्या लोकांना. आणि तेवढ्याने भागलं नाही तेव्हा तुमच्याच डोक्यातून ते निघालं, की प्रत्येकाने आपापल्या संग्रहातली एक चीज विकायला काढायची.

मी तेव्हा हसले होते. कारण विकत घेणार कोण? तुम्हीच. पोस्टातल्यांची चोपडी डॉक्टरांनी घेतली, डॉक्टरांचं पोस्टर पोस्टातल्यांनी. आपल्या बाहेरच्या खोलीत माणसं आपला जीव काढून ठेवावा तशी कागद मांडत होती, आणि दुसऱ्याचा उचलताना बोली वाढवत होती. डॉक्टर तर चक्क रडले. तुम्ही तिच्या सहीचा फोटो विकायला ठेवलात. कित्येक पत्रं पाठवल्यावर पोस्टाने आलेला, निळ्या शाईची सही असलेला. तुमच्या आईच्या मंगळसूत्राच्या डबीजवळ असायचा तो. बापटांनी घेतला. तुम्ही त्यांना तो वर्तमानपत्रात गुंडाळून दिलात, आणि वर्तमानपत्राच्या घड्या घालायला तुम्हाला फार वेळ लागला. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. हसले नाही तेव्हा.

पत्रकावर छापलाय तो तोच फोटो. सहीसकट.

पैसे जमले, आणि चांगले जमले. मुंबईच्या बाजारातून नव्या नायलॉनच्या जाळीचे गठ्ठे आले. ठेवायचे कुठे? अध्यक्षांचा पलंग उंच. आले आपल्या पलंगाखाली. नव्या नायलॉनला कसा रबरासारखा वास येतो, आठवतं? मी त्यावर झोपायचे. पहिल्या दिवशी मी काही बोलले नाही. म्हटलं, दोन दिवसांचा प्रश्न आहे.

आणि मग ते पत्र आलं. तुम्ही तिला कळवलं होतं ना, हौसेने, की बाई, तुमच्या नावाने असं असं काम केलंय म्हणून? तिच्या सेक्रेटरीचं उत्तर आलं. बाईंना ऐकून फार आनंद झाला. जाळी वाटायला त्या स्वतः येतील. दसरा झाला की तारीख कळवू.

तेव्हा आषाढ संपत आला होता. नारळी पौर्णिमा तीन आठवड्यांवर. पावसाच्या मोठ्या भरत्यांनी खाडी धुऊन निघत होती, मासळी परत येऊ लागली होती, आणि ज्यांनी ती पकडायची त्यांची जाळी डांबरात बुडवल्यासारखी कुडाला टांगलेली. तुमच्या मंडळाची बैठक बसली, आणि एकमताने ठरलं काय? जाळी दसऱ्यानंतर. तिच्या हातून.

मला सांगा, दुसऱ्या कुणी असं ठरवलं असतं? सरकारने ठरवलं असतं तर तुम्हीच पेपरात पत्र लिहिलं असतंत.

“बाईंच्या हातून दिली तर फोटो येईल,” बापट म्हणाले. “फोटो आला तर आणखी लोक देतील. लांबचा विचार करायला हवा, वहिनी.”

“करा की. आणि तोवर त्या लोकांनी काय, तिच्या फोटोने मासे पकडायचे?”

डॉक्टरांना चहाचा ठसका लागला. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, “सुधा, साखर.” अध्यक्ष म्हणून त्या दिवशीचं तुमचं भाषण तेवढंच.

मी पुढे रोज बोलले, हे कबूल करायला मला लाज नाही. सकाळी बोलले, जेवताना बोलले. मी म्हटलं, मी एक्स्चेंजमधून तिच्या घरी ट्रंक कॉल लावते आणि माझ्या कॉन्व्हेंटच्या इंग्लिशमध्ये विचारते, की बाईसाहेब, तुमच्या दसऱ्यापर्यंत त्या माणसांनी खायचं काय. तुम्ही घाबरलात. “नको. तिला वाईट वाटेल.” तिला वाईट वाटेल! तुम्हाला तिला एकदा समोर बघायचं होतं. तीस वर्षं बघायचं होतं. एवढं सरळ होतं, आणि तुम्ही ते एकदाही तोंडाने म्हटलं नाहीत. शर्टाचं कापड मात्र आणलंत. शिंप्याकडे मापाला जाऊन आलात. मला सांगितलंत, ऑफिससाठी.

मग चांगुणा आली. कुणाकडून तरी सुकट घेऊन ती दारोदार विकत होती. उन्हाने दमली होती, म्हणून मी तिला आत बोलावलं. ती जमिनीवर टेकली, आणि जमिनीवर बसलेल्याला पलंगाखालचं सगळं दिसतं. तिने हात घालून गठ्ठ्याचं टोक ओढलं, दोन बोटांनी ताणून बघितलं.

“ही आमची जाली का?”

मी तुमच्याकडे बघितलं. म्हटलं, द्या उत्तर, अध्यक्ष.

“हो,” तुम्ही म्हणालात. “म्हणजे, बाई आल्या की मिळतील.”

“कोन बाय?”

“सिनेमात होत्या. त्या.”

“ती काय करनार? खारीन उतरनार?”

“नाही नाही. त्या आपल्या हाताने देतील. दसऱ्यानंतर.”

चांगुणाने तुमच्याकडे असं बघितलं, की तेवढ्या बघण्यासाठी मी तिची सगळी सुकट घ्यायला तयार होते. “भाऊ, जालं म्हंजे साडी हाय का, दिली का नेसली? त्याला दोर ओवाया लागतो, शिसं बांधाया लागतं. पुनवेला नारल द्यायचा, जालं पुजायचं, पान्यान टाकायचं. आता हातान आलं तर तवा व्हईल. का पुनवेला त्या बायलाच टाकू पान्यान?”

मी हसले. तुम्हीसुद्धा हसलात, मला आठवतं. मग टोपली उचलून ती गेली आणि तुम्ही जेवला नाहीत. आमटी चांगली झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी सकाळची ड्यूटी करून डोंबिवलीला उतरले, तर रेल्वे फाटकाशी हातगाडी. गाडीवाला पुढून ओढतोय, आणि मागून ढकलतोय एक माणूस, ऑफिसची पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून. श्रावणातली सर होती. तुमची छत्री उघडी होती, पण ती गठ्ठ्यांवर धरलेली, आणि तुम्ही निथळत. आपल्या लेकीच्या, मंजूच्या बाळंतपणाला ज्याने अर्धा दिवस रजा काढली नाही, त्याने त्या दिवशी रजा काढली होती.

“अहो, नायलॉन आहे,” मी म्हटलं. “पाण्यातच जायचंय ते. छत्री स्वतःवर घ्या.”

“अगं, नवी आहेत,” तुम्ही म्हणालात.

मंडळाला विचारलं का, असं मी विचारलं नाही. उत्तर दिसत होतं. मी पर्स खांद्याला अडकवली आणि दुसऱ्या बाजूने ढकलायला लागले. फाटक उघडेपर्यंत माझी साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली. एक्स्चेंजमधल्या दोघी तिथूनच जात होत्या, त्यांनी मला बघून न बघितल्यासारखं केलं. आणि खरं सांगू? इतक्या वर्षांच्या संसारात मला तुमचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. तेव्हा सांगायला हवं होतं. पण तुम्ही पुढच्या पंधरा मिनिटांत त्याची माती केलीत.

खाडीवर माणसं जमली. बायका आल्या, चांगुणा आली, तिचा म्हातारा सासरा काठी टेकत आला. गठ्ठे उतरले. म्हाताऱ्याने विचारलं, “कोनाकरनं आली ही?” साधा प्रश्न. आणि तुम्ही पॅंटच्या दुमडी खाली सोडल्यात, पाठ ताठ केलीत, आणि तिचं नाव घेतलंत. आडनावासकट. “त्यांनी पाठवली आहेत. त्यांना तुमची फार काळजी वाटते.”

माझ्या तळहाताची साल निघाली होती त्या हातगाडीने. मी तुमच्या शेजारी उभी होते. जाळी निघाली याचं तिला एक अक्षर माहीत नव्हतं, ती दसऱ्याची वाट बघत घरात बसली होती, आणि तुम्ही चिखलात उभं राहून तिच्या काळजीबद्दल बोलत होतात.

परत येताना मी सोडलं का तुम्हाला? “जीभ कशी रेटली? चोरून आणली आपण, आणि श्रेय तिला?”

तुम्ही छत्री झटकून मिटलीत. मग म्हणालात, “बापटने पैसे जाळ्यांसाठी दिले का? त्याने फोटोसाठी दिले. डॉक्टरने चोपडीसाठी दिले. सगळ्यांनी तिच्यासाठी दिले, सुधा. मग जाळी कुणाची?”

हेडक्लार्कचं डोकं. मला तेव्हाही खोडता आलं नाही. आजही येत नाही, म्हणून तर जास्त राग येतो.

“आणि कुणाला सांगू नकोस,” तुम्ही म्हणालात. “तिने नाही पाठवली हे कळलं, तर तिला उगाच बोल लागेल.”

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, पण मला लिहू द्या. पुनवेला जाळी पाण्यात पडली. मंडळाने तुम्हाला खुर्चीवरून उतरवलं. वाटायला काही उरलं नाही, म्हणून बाईंना येऊ नका असं कळवावं लागलं, आणि ते पत्र मंडळाने तुमच्याकडूनच लिहून घेतलं. बापट वर्षभर आपल्या दारासमोरून मान खाली घालून जायचे. नंतर हळूहळू आले सगळे परत. तोवर कोळीवाड्यातून ऐकू येऊ लागलं होतं, की त्या सिनेमातल्या बाईने जाळी दिली. मंडळाला ते फारच सोयीचं झालं. पुढे कुणी तरी ‘पाठवली’चं ‘येऊन दिली’ केलं, आणि तुम्ही चहा पीत मान डोलावलीत.

तो नवा शर्ट तुम्ही ऑफिसला घालून घालून विटवलात. ती गेल्या वर्षी केबलवर मुलाखतीत दिसली, तेव्हा तुम्ही आजारी होतात. मीच तुमच्या पाठीला उशी लावली. तुम्ही म्हणालात, “आवाज वाढव.” एकदा तरी म्हणायचं होतं हो, की मला वाईट वाटलं होतं, सुधा. मी काय तुम्हाला खाल्लं असतं? बोलले असते थोडं. मग चहा केला असता.

म्हणून आज सकाळी कोपरला गेले, कोळीवाड्यात. चांगुणा आता घरीच असते, टोपली सून नेते. मी तिला पत्रक वाचून दाखवलं, ‘शुभहस्ते’पर्यंत. ती हसायला लागली ती खोकला लागेपर्यंत. सुनेने पाणी आणलं.

“सिनेमातली बाय हातगारी ढकलत येते का, बाय?” ती म्हणाली. “आमी तवाच वलखलं. त्याच दिशी.”

“मग बोलला का नाहीत कुणी?”

“तुज्या घरवाल्याचं त्वांड बघितलंस ना, नाव घेताना? सासरा बोलला, घेऊ दे त्याला. बरं वाटतंय त्याला. म्हनून आमी समद्यांनी व्हय व्हय केलं. मग पोरान्ला पन त्येच सांगितलं.”

मी तिथे पाटावर बसले होते, आणि मला काय बोलावं ते सुचेना. मला. तुम्ही तिला बोल लागू नये म्हणून खोटं बोललात. अख्ख्या कोळीवाड्याने तुम्हाला बरं वाटावं म्हणून ते खरं मानून घेतलं. आणि मधे मी एकटी, सगळं माहीत असलेली शहाणी, इतकी वर्षं दात खात बसलेली. मी तेव्हा तुमच्या शेजारी उभी होते ना? मग ते तोंड मला का नाही दिसलं? मी तेव्हा माझा तळहात बघत होते.

घरी आले तेव्हापासून ठरवते आहे आणि मोडते आहे. गप्प बसले तर कायमचं तेच नोंदलं जाईल, की जाळी तिने वाटली, आणि तुम्ही कोपऱ्यातला पासपोर्टचा फोटो. ते मला झेपणार नाही. आणि नुसतं खरं सांगून टाकलं, तर तुम्ही त्या चिखलात उभं राहून कमावलेला तेवढा एक क्षण मी तुमच्याकडून काढून घेतला असं होईल. चांगुणाने तो सांभाळला आणि मी मोडायचा?

तर ऐका. रविवारी मी येणार. तुम्ही मला गप्प राहायला सांगितलं होतंत, ते मी मोडणार आहे; रागवायचं तर रागवा. मी उभी राहून सांगेन, की बाई आल्या नव्हत्या. जाळी यांनी नेली, मंडळाला न विचारता, भर पावसात, छत्री जाळ्यांवर धरून. बापट समोर बसलेले असतील, तरी सांगेन. तिच्याबद्दल मात्र एक वाकडा शब्द काढणार नाही. आणि मग हेही सांगेन, की त्या दिवशी तिचं नाव घेताना माझा नवरा जितका आनंदात होता तितक्या आनंदात मी त्याला एरवी कधी बघितलं नाही. हे शेवटचं वाक्य मला जड जाणार आहे. पण म्हणेन. शब्द देते.

तुमची,
सुधा